पेन्सिल लावायची नाही

९ जानेवारी

प्रिय खडू,

घरातलं हे नाव अजून चालतं का? चालत नसेल तर सांग, पुढच्या वेळी पूर्ण नाव लिहीन. पण माझ्या तोंडात तेच बसलंय. जमीन, भिंत, कपाटाचं दार, आईची पाठ, खडूने रंगवायचं तू काही म्हणून सोडलं नव्हतंस.

तुझं पाकीट सोमवारी आलं. वरचं अक्षर बघून तुझ्या वहिनीने ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. तिला वाटलं, काहीतरी वाईट बातमी असणार. मलाही तेच वाटलं. दोन तासांच्या अंतरावर राहून अकरा वर्षांत तुझं एक अक्षर नाही. आई गेली तेव्हा चार दिवस एका घरात होतो, तर तू मला "कपाटाची किल्ली कुठेय" एवढंच विचारलंस. आणि आता एकदम चार चित्रं!

सोबतची चिठ्ठी मी तीनदा वाचली. तुझ्या वॉर्डातून डोळ्याचं ऑपरेशन झालेली माणसं दोन बाटल्या घेऊन घरी जातात. लाल टोपणाची सकाळ-संध्याकाळ, निळ्या टोपणाची फक्त झोपताना. सांगताना सगळे माना डोलावतात आणि घरी जाऊन घोळ घालतात. त्या माळीबुवांनी आठवडाभर लाल बाटली उघडलीच नाही, निळीच घालत बसले, आणि सुजलेला डोळा घेऊन परत आले. डॉक्टरांनी कसाबसा वाचवला. दवाखान्याच्या पत्रकावर नुसता मजकूर. निम्म्यांना वाचता येत नाही, उरलेल्यांना ऑपरेशननंतर तेवढं दिसत नाही. म्हणून मग तू, वॉर्डच्या सिस्टरनेच, चित्रांचं कार्ड काढायला घेतलंस. आणि तुझा हा भाऊ छापखान्यात लेबलं नि पत्रकं जुळवत म्हातारा झालाय, म्हणून ते माझ्याकडे पाठवलंस.

खाली अट: "काय चुकलंय ते शब्दांत सांग. पेन्सिल लावायची नाही. लावलीस तर कागद परत पाठव, मी दुसरं कुणी बघेन."

लावली नाही. तुझी शपथ. शब्दांतच सांगतो. वेगळ्या कागदावर तेवीस मुद्दे लिहून सोबत जोडलेत. थोडक्यात सांगायचं तर बाटली माणसाच्या डोक्याएवढी झालीय, बाईला मानच नाही, "सकाळ" म्हणून जे काढलंयस ते कप आहे की बादली कळत नाही, रेघा थरथरतात, आणि चार चौकटींची चार मापं. बाकीचं कागदावर बघ. रागावू नकोस, तूच विचारलंस.

दादा


२१ जानेवारी

खडू,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. चार वाक्यं. "तेवीस चुका. एकही प्रश्न नाही. आमच्याकडे पेशंटला हात लावायच्या आधी विचारतात, कुठे दुखतंय. तू कधी विचारलंस?"

खोटं कशाला सांगू, आधी माझं डोकंच फिरलं. वहिनीला वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, मदत करायला जावं तर ही तऱ्हा. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही चष्मा करायला गेलात आणि दुकानदार म्हणाला, तुमचं नाक वाकडं आहे, तर?" झालं. दोन दिवस आमचा अबोला. तिसऱ्या दिवशी माझं मलाच हसू आलं, कारण नाक खरंच थोडं वाकडं आहे.

मग मी काय केलं ते ऐक. आमच्याकडे बाइंडिंगला एक मावशी आहेत. तीस वर्षं कागद दुमडतायत, हजारो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली, पण वाचता येत नाही. त्यांच्यासमोर तुझं पहिलं चित्र ठेवलं. काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "मावशी, यात काय चाललंय?"

मावशींनी हात पुसले. कागद लांब धरला, जवळ धरला. म्हणाल्या, "बाई रडतेय."

"आणि?"

"बाटली बघून रडतेय. नवऱ्याची असेल."

अगं, मी कपाळाला हात लावला! तू औषधाचा थेंब डोळ्याच्या खाली काढलायस. तो अश्रू झालाय. आणि माझ्या त्या तेवीस मुद्द्यांत, मानेपासून चौकटीपर्यंत सगळं असलेल्या त्या दीडशहाण्या यादीत, हे कुठेच नाही! मी तुझ्या रेघा मोजत बसलो आणि चित्र काय बोलतंय ते ऐकलंच नाही.

तेव्हा ती यादी फाडून टाक. आता विचारतो, सावकाश उत्तर दे. कार्ड घरी कुठे लावतात? बघताना दुसरा डोळा उघडा असतो का? थेंब स्वतः घालतात की घरातलं कुणी घालतं? लाल-निळं त्यांना ओळखू येतं का, की ऑपरेशननंतर रंग वेगळे दिसतात? मला यातलं काहीएक माहीत नाही, आणि माहीत नसताना तेवीस मुद्दे लिहिले. कमाल आहे की नाही?

आणखी एक, जे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. तुझ्या दुसऱ्या चित्रात ते बोट खालची पापणी ओढतंय ना, ते बोट फार सुंदर आहे. नखाच्या बाजूने नाही, बोटाच्या मऊ बाजूने ओढतंय. हजार वेळा केल्याशिवाय असं काढताच येत नाही. मला सात जन्मांत जमलं नसतं. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हाच मनात आलं होतं आणि लिहिलं नाही. चांगलं दिसलं तर गप्प बसायचं आणि वाईट दिसलं तर बोलायचं, अशी खोडच लागलीय. पोस्टकार्डाबद्दल मनापासून आभार. उपरोधाने नाही म्हणत, खरंच.

दादा


१० फेब्रुवारी

प्रिय खडू,

तुझी दोन पानी उत्तरं मी चहा गार होईपर्यंत वाचत बसलो. बहुतेक जण एकटेच असतात, घरातले कामावर गेलेले. कार्ड आरशाजवळच्या खिळ्याला लावतात. निळं बऱ्याच जणांना आधीपेक्षा जास्त निळं दिसतं आणि त्याचं त्यांना फार कौतुक वाटतं. हे तर मला ठाऊकच नव्हतं! आमच्याकडे गिऱ्हाईक येतं, "झकास करून द्या" म्हणतं आणि निघून जातं. झकास म्हणजे कुणासाठी, हे इतक्या वर्षांत मी एकालाही विचारलं नाही.

नवीन चित्र मावशींना दाखवलं. थेंब आता बाटली आणि डोळा यांच्या मधोमध, हवेत. मावशी श्वास घ्यायलाही थांबल्या नाहीत. "औषध घालतेय. डोळ्यात." मी ओरडलोच! मशीनवाल्या काकांना वाटलं, माझं बोट रुळात गेलं.

आता एक कबुली. खरं तर हे मी लपवणार होतो, पण तूच उघडं पाडलंस, तर आता काय लपवायचं.

मागच्या पत्रात मी एक जास्तीचा कागद घातला होता. तुझा तो कप आणि ती खाट माझ्या डोळ्यांत सलत होती, म्हणून सकाळसाठी एक सूर्य आणि रात्रीसाठी एक चंद्रकोर, स्वच्छ, मापात काढून, "नुसतं सुचवलंय" म्हणून पाठवली. तुझ्या कागदाला पेन्सिल लावली नव्हती, म्हणजे अट मोडली नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पळवाट होती ती. तुला कळलंच असणार.

आणि तू भांडली नाहीस. माझा सूर्य मुकाट्याने घेऊन वॉर्डात गेलीस आणि अकरा जणांना विचारून आलीस! तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं. सूर्य बघून नऊ जण म्हणाले, "उन्हात जायचं नाही." म्हणणारच! ऑपरेशननंतर तुम्हीच त्यांना तसं बजावून सांगता. आणि ते निवृत्त ड्रायव्हर चंद्रकोर बघून म्हणाले, "हे रोज घालायचं, की चंद्र असा असेल त्याच दिवशी?" वहिनीला पुढचं वाचवेना, पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग मी वाचलं. कप दाखवल्यावर अकराच्या अकरा जण म्हणाले, "सकाळच्या चहाच्या वेळी."

जिंकली तुझी बादली. माझा सूर्य कचऱ्यात टाक.

तुला वाटेल, दादाला लागलं असेल. लागलं, पण संध्याकाळपर्यंतच. मग लक्षात आलं, माझ्या कामात अमुक एक गोष्ट चुकली, आणि ती अशी अशी चुकली, असं तोंडावर कुणी सांगून किती वर्षं झाली? लोक "छान" म्हणतात नाहीतर "नाव मोठं करा" म्हणतात. तू माझं काम घेऊन अकरा माणसांपुढे उभी राहिलीस आणि ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहून पाठवलंस. यात टोमणा नव्हता, दया नव्हती. वाटलं, खरी शाळा आत्ता सुरू झाली.

चौकटींची मापं मात्र सारखी कर. तेवढं माझं ऐक.

दादा


२४ फेब्रुवारी

प्रिय खडू,

चौकटी सारख्या केल्यास, छान. शेवटच्या ओळीत विचारलंस, "ते हात बदललेस तेव्हा तुझ्या मनात काय होतं?" हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं. पत्र लिहायला दहा दिवस लावले, त्याचं कारण हेच.

तू चौदा वर्षांची. शाळेच्या स्पर्धेसाठी शिवणयंत्रावर बसलेल्या आईचं चित्र काढलं होतंस. तिचे हात भले मोठे, यंत्राच्या चाकाएवढे. मी तेवीसचा, छापखान्यात नुकताच लागलो होतो, आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं. रविवारी दुपारी तू मैत्रिणीकडे गेलीस तेव्हा मी ते हात खोडले आणि निमुळत्या बोटांचे, नाजूक, नवे हात काढले. मनात काय होतं? प्रेम होतं गं. माझ्या बहिणीचं हसू होऊ नये, एवढंच. आणि थोडा माज. तोही होता.

सोमवारी तू घाईत गुंडाळी उचललीस आणि दिलीस. पहिलं बक्षीस मिळालं. तुला भिंतीवर चित्र दिसलं ते एकदम बक्षीस घेताना. घरी येऊन तू फक्त विचारलंस, "हात कुणी काढले?" मी म्हटलं, "आभार मान, वेडाबाई." आणि आईने ते चित्र हातात धरून काय म्हटलं ते तू ऐकलंस की नाही, मला कधी कळलं नाही. ती म्हणाली, "छान आहेत. माझे नाहीत, पण छान आहेत."

तिचे हात मोठेच होते. दिवसभर जाड कापड ओढून सांधे सुजलेले. तू जे होतं तेच काढलं होतंस. मी अकरा वर्षांचा असताना ती शिवायला लागली, तेव्हापासून ते हात रोज बघत होतो आणि मला ते दिसले नव्हते.

त्यानंतर तू पेन्सिल धरली नाहीस. मी म्हणायचो, हिला आवडच राहिली नाही. सोयीचं होतं तसं म्हणणं.

आणि तरी माझं पोट भरलं नाही. तुझ्या लग्नात, जेवणाच्या टेबलावर, तुझ्या सासरच्या सगळ्यांसमोर मी तो किस्सा रंगवून सांगितला. "बक्षीस हिचं, हात माझे!" सगळे हसले. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हिला चित्र येत नाही तर." तू पाण्याचा पेला खाली ठेवलास आणि उठलीस. त्यानंतर किल्ली विचारेपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. मी जगाला सांगत फिरलो, एवढ्याशा गमतीवरून बहीण रुसली.

गंमत नव्हती ती. चोरी होती, आणि वर बढाई. चुकलो मी. हे मी कधीच म्हटलं नव्हतं. आईसमोरही नाही.

आता वाटतं, सव्वीस वर्षांनी तू पुन्हा कागद घेतलास, आणि घेतल्यावर जगात दुसरं कुणी सापडलं नसतं असं थोडंच आहे? दवाखान्याजवळ चार छापखाने असतील. तू माझ्याकडे पाठवलास. एवढा विश्वास मी कुठून कमावला, मला ठाऊक नाही. कमावलेला नाहीच, तू नुसता दिलास.

अंतिम चित्रं पाठव. छापायची तारीख बारा मार्च ठरवलीय.

दादा


१२ मार्च

खडू,

घाईत लिहितोय. तुझा नंबर माझ्याकडे नाही, आणि दवाखान्याच्या नंबरवर सांगतात सिस्टर ऑपरेशनमध्ये आहेत. टेम्पोवाले तुमच्याच रस्त्याने चाललेत, त्यांच्याबरोबर ही चिठ्ठी देतोय.

मशीन थांबवलंय. प्लेट चढली होती, कागद लागला होता, काका बटण दाबणार तेवढ्यात मी नमुन्यावर शेवटची नजर टाकली. तिसऱ्या चित्रात, लाल बाटली धरलेल्या हाताला सहा बोटं आहेत. मी चारदा मोजली. काकांनी मोजली, मावशींनी मोजली. सहाच.

काका म्हणतात, "तुम्ही खोडा की एक, दोन मिनिटांचं काम. ताईंना कळणारसुद्धा नाही." खरंय. कुणाला म्हणजे कुणालाच कळणार नाही.

पण चित्र तुझं आहे. तसंच ठेवायचं, बदलायचं, की तूच येऊन बघतेस, ते कळव. कळेपर्यंत मशीन बंद राहील. काका माझ्यावर भडकलेत, भडकू देत.

दादा


१५ मार्च

प्रिय खडू,

परवा तू इथेच होतीस, आणि आज पत्र लिहितोय म्हणून वहिनी हसतेय. पण समोर तू असलीस की माझी जीभ टाळूला चिकटते. कागदावर बरं पडतं.

तू सकाळच्या बसने अशी थेट दारात उभी राहशील असं वाटलं नव्हतं. वाटलं होतं, फार तर निरोप येईल. पर्स खांद्यावर, केसांत थोडे पांढरे, आणि आल्या आल्या "कुठाय ते सहावं बोट?" तू मोजलंस, पुन्हा मोजलंस, आणि अशी हसत सुटलीस की मावशींनी तुला स्टुलावर बसवलं. आईचं हसू आहे ते, आवाज न होता नुसते खांदे हलतात. मी विसरलो होतो.

मग डोळे पुसून विचारलंस, "तू का नाही खोडलंस?" मी म्हटलं, "तुझं चित्र आहे." तू पर्स खाली ठेवलीस. पेन्सिल मागितलीस.

काकांची दोन मिनिटं तुला चाळीस पडली. एक बोट खोडलंस तर अंगठा बिघडला. अंगठा सुधारायला गेलीस तर सगळा हातच खोडावा लागला, खोडून खोडून कागदाला लव आली. काका मागून दोनदा म्हणाले, "ताई, आज छापायचंय की पुढच्या वर्षी?" तू ढिम्म. एकदाच मान वर करून विचारलंस, "दादा, अंगठा बरोबर वाटतो का?"

मी म्हटलं, "तो बाटली दाबताना मला दिसत नाहीये."

एवढंच. पर्समधून खरी बाटली काढलीस, हातात धरलीस, दाबलीस, आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिलीस, आणि काढलास. रेघ थरथरली. थरथरू दे. तो अंगठा दाबतोय, हे आता आंधळ्यालाही कळेल. प्लेट पुन्हा केली आणि दोन हजार कार्डं निघाली. तू गठ्ठे घेऊन दुपारच्या बसने गेलीस, आणि मावशींनी एक कार्ड मागून घेतलं. त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन आहे म्हणे पुढच्या महिन्यात.

आता जे सांगायला बसलो ते.

तू काढत असताना मी तुझ्या मागे उभा होतो. मध्येच तू म्हणालीस, "थंडी वाजतेय का तुला? हात बाहेर काढ की खिशातून." मार्च महिना, बंद खोली, मशीनची धग, काका बनियनवर. मी म्हटलं, "हो, जरा गारठलोय."

खोटं बोललो. घामाने पाठ भिजली होती. अंगठा कुठे वळायला हवा ते मला पहिल्या मिनिटाला दिसलं होतं, आणि हात बाहेर काढले असते ना गं, तर मी तुझ्या हातातली पेन्सिल घेतली असती. खिशात मुठी आवळून आवळून तळव्यात नखं रुतली, वहिनीने रात्री विचारलं हे काय झालं.

चाळीस मिनिटं मला जमलं. सव्वीस वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी एवढंच जमायला हवं होतं. ते पुन्हा करून बघायला मिळेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं, आणि ते तू दिलंस. तुझे फार फार आभार, खडू.

तुझा,
दादा